परदेशी शहरात कामाला जाताना हॉटेल कसे निवडावे: गोव्यातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

परदेशात कामासाठी पहिल्यांदा निघालेला माणूस हॉटेल शोधतो ते शहराच्या नावाने. फोनवर फ्रँकफर्ट टाकायचे, तारखा टाकायच्या, स्वस्तातले वर येईल अशी यादी लावायची आणि फोटो बघत बसायचे. हे सगळे करायचेच आहे, पण नंतर. आधी एका प्रश्नाचे उत्तर हवे: पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता तुम्हाला नक्की कुठल्या दारात उभे राहायचे आहे? त्या दारापासून मागे मागे येत हॉटेल शोधले की पुढचे बरेच घोळ होतच नाहीत.

मी पूर्वी पणजीत एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला होतो. आता वेर्ण्याला एका कारखान्यात प्रवासाची बुकिंगे माझ्याकडे असतात. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हा धंदा बघितलाय. पुढचे सगळे वेर्णा, कुंडई, डिचोली, थिवी अशा ठिकाणच्या लहान-मध्यम उद्योगांतून प्रदर्शनाला, ग्राहकाला भेटायला किंवा मशीन बघायला निघालेल्यांसाठी आहे. ज्यांच्या कंपनीत स्वतंत्र ट्रॅव्हल डेस्क आहे त्यांनी वाचले नाही तरी बिघडत नाही.

पायरी पहिली: दाराचा पत्ता

प्रदर्शनाच्या नावात शहर असते, पण प्रदर्शन त्या शहरात असेलच असे नाही. मिलानची मोठी प्रदर्शने 'रो' नावाच्या शेजारच्या गावी भरतात. मेट्रोची लाल लाइन थेट तिथे जाते, पण मिलान शहराचे साधे तिकीट तिथपर्यंत चालत नाही, वरच्या झोनचे घ्यावे लागते. तोक्योच्या नावाने भरणारी काही प्रदर्शने माकुहारीला, म्हणजे शेजारच्या चिबा प्रांतात असतात. तोक्यो स्टेशनवरून गाडी आहे, पण त्या लाइनचा फलाटच स्टेशनात इतका आत आहे की चालून घाम येतो. लंडनच्या प्रदर्शन केंद्रांपैकी एक्सेल पूर्वेच्या टोकाला, तर ऑलिंपिया पश्चिमेला. शांघायमध्ये एक मोठे केंद्र हाँगछाओ विमानतळाच्या बाजूला, दुसरे नदीपलीकडे फुतुंगमध्ये (पुडोंग). काजूवाल्यांच्या ओळखीचे दुबईचे खाद्यपदार्थांचे प्रदर्शन, गल्फूड, घ्या. वर्षानुवर्षे ते वर्ल्ड ट्रेड सेंटरला भरायचे, २०२६ साठी मात्र वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि एक्स्पो सिटी अशा दोन जागा जाहीर झाल्या. दोन्ही मेट्रोच्या लाल मार्गावर आहेत, पण दोहोंच्या मधे जवळपास अख्खे दुबई येते. तुमचा स्टॉल किंवा तुमचा ग्राहक यांतल्या कुठल्या जागी आहे हे कळल्याशिवाय हॉटेलला हात लावू नका.

फार्मावाल्यांना तर दरवर्षी नवा पत्ता. सीपीएचआय हे औषध उद्योगाचे प्रदर्शन २०२२ मध्ये फ्रँकफर्टला होते, २०२३ मध्ये बार्सिलोनाला, २०२४ मध्ये मिलानला आणि २०२५ मध्ये पुन्हा फ्रँकफर्टला. गेल्या वर्षी गेलेल्या साहेबांना विचारून हॉटेल घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अशा फिरत्या प्रदर्शनाला ती कामाची नाही.

जागा कळली की गेट बघा. फ्रँकफर्टचे प्रदर्शन संकुल म्हणजे एक वसाहतच आहे. 'सिटी' नावाचे प्रवेशद्वार शहराच्या बाजूला, तिथे भुयारी रेल्वेची यू४ लाइन येते. 'टोरहाउस' दुसरीकडे, तिथे एस-बानचे, म्हणजे शहर आणि उपनगरे जोडणाऱ्या लोकलचे, 'मेसे' स्टेशन लागून आहे. 'गॅलेरिया' आणि 'पोर्टालहाउस' आणखी वेगळे. आयोजकांच्या पत्रात हॉलचा नंबर असतो. त्या हॉलला जवळचे गेट नकाशात शोधून त्याच गेटावर खूण करा. चुकीच्या टोकाला उतरून नमुन्यांची बॅग ओढत आतून चालणे सहज वीस मिनिटे खाते.

ग्राहकाच्या कारखान्यात जायचे असेल तर त्याला सरळ मेल करून विचारा: तुमच्याकडे येणारे लोक कुठे उतरतात? हा प्रश्न विचारायला आपली मुले लाजतात. लाजायचे कारण नाही. त्याच्याकडे बहुतेक वेळा एखाद्या हॉटेलचा ठरलेला दर असतो आणि आपल्या नावे तो लावून देणे त्याला एका फोनचे काम असते.

पायरी दुसरी: तारखा, आणि भावाचा खेळ

एकतीस डिसेंबरला कळंगुटला खोलीचे काय होते ते गोव्याच्या माणसाला सांगायला नको. प्रदर्शनाच्या आठवड्यात फ्रँकफर्ट, ड्युसलडॉर्फ, हॅनोवर, मिलान इथे तेच होते, फक्त समुद्र नसतो. एरवी साधी असलेली खोली तिप्पट-चौपट भावाला जाते आणि तरी भरते. म्हणून प्रदर्शनात जायचे हे नक्की झाले की त्याच दिवशी एक रद्द करता येणारी खोली धरून ठेवायची. थोडी महाग पडली तरी चालेल, ती राखीव. मग निवांत दुसरी चांगली शोधायची आणि मिळाली की पहिली सोडायची. सोडण्याची शेवटची तारीख त्याच वेळी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, दोन दिवस आधीची आठवण लावून. ती तारीख तिथल्या शहराच्या वेळेने मोजली जाते, गोव्याच्या नव्हे.

परत न मिळणाऱ्या पैशांची खोली थोडी स्वस्त दिसते. व्हिसा हातात पडेपर्यंत तिच्याकडे बघूसुद्धा नका.

आणखी एक, आणि हे नवख्यांना हमखास गाठते. प्रदर्शनात स्टॉल घेतला की तुमच्या कंपनीचे नाव आयोजकांच्या यादीत छापून येते. मग मेल यायला लागतात, फोनही येतात: आम्ही प्रदर्शनाचे अधिकृत हॉटेल भागीदार, खोल्या संपत आल्यात, आज कार्ड द्या. बोलणारा तुमच्या प्रदर्शनाचे नाव, तारखा, स्टॉलचा नंबरसुद्धा सांगतो. यातले बरेच जण आयोजकांचे कुणीही नसतात. आगाऊ पैसे घेतात, रद्द करायची सोय नसते आणि काही वेळा खोलीच अस्तित्वात नसते. अधिकृत एजन्सी असतेही, पण तिचे नाव आयोजकांच्या वेबसाइटवर तुम्ही स्वतः जाऊन बघायचे. आलेल्या मेलमधल्या लिंकवरून नाही.

पायरी तिसरी: सकाळचा नकाशा

आमच्या ऑफिसातला साखळी गावचा एक मुलगा पहिल्यांदा जर्मनीला निघाला होता. कंपनीची बस सुटायच्या आधी माझ्याकडे येऊन बसला. तीन हॉटेले काढून आणली होती. "दादा, हे चार स्टारचे, हे तीनचे. चारवाले दोन हजारांनी स्वस्त आहे, तेच घेऊया ना?" मी म्हटले, स्टार राहू दे, गूगल मॅप्स उघड. जायचे ठिकाण म्हणून गेट टाक, बसगाडीची खूण दाब, आणि 'आता निघा' बदलून 'पोचायची वेळ' मंगळवार सकाळी पावणेनऊ कर. चार स्टारवाले हॉटेल नकाशावर सगळ्यांत जवळ दिसत होते, पण हायवेच्या कडेला होते. बस, मग एस-बान, मग पुन्हा चालणे, एक तास दहा मिनिटे. तीन स्टारवाले लांब होते, पण स्टेशनासमोर. पंचवीस मिनिटे, एकदा गाडी बदलून. मुलाने तोंड वाकडे केले, पण वही काढून लिहून घेतले.

करायचे ते एवढेच. किलोमीटर मोजू नका, दारापासून दारापर्यंतची मिनिटे मोजा, तीही त्या वाराला, त्या वेळेला. दुसरी तपासणी विमानतळावरून हॉटेलपर्यंतची, आणि तिसरी रात्री दहानंतर परतण्याची, कारण ग्राहकाबरोबर जेवण झाले की परत यायचे असते आणि तोवर बसच्या फेऱ्या विरळ झालेल्या असतात. तिन्ही उत्तरे बरी आली तरच खोलीचे फोटो उघडायचे.

एक गाडी बदलावी लागली तर चालेल. दोन बदलाव्या लागत असतील तर खोली कितीही छान असली तरी मी सोडतो. जर्मन रेल्वे घड्याळाच्या काट्यावर चालते हे आपल्याकडे अजून सांगतात. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडी ते वेळेवरच धरतात. कोलोनला राहून ड्युसलडॉर्फच्या प्रदर्शनाला जाणारे पुष्कळ असतात, अंतर अर्ध्या तासाचे आहे, पण मग एक गाडी आधीची धरायची.

फ्रँकफर्ट जरा जवळून

औषधे, यंत्रे, पॅकिंग, रसायने, काहीही असो, गोव्यातला माणूस कधी ना कधी फ्रँकफर्टला उतरतोच. म्हणून हे शहर थोडे उलगडून सांगतो. पद्धत कळली की दुसऱ्या शहरांनाही लावता येईल.

विमानतळाच्या खालीच स्टेशन आहे. तिथून एस८ किंवा एस९ ने मुख्य स्टेशन, म्हणजे हाउप्टबानहोफ, बारा-एक मिनिटांवर. तिथून यू४ ने पुढच्याच थांब्याला प्रदर्शनाचे सिटी गेट. टोरहाउसला जायचे तर एस३ ते एस६ पैकी कुठलीही एस-बान चालते. एवढे ध्यानात ठेवले की शहर हातात आले.

स्वस्त हॉटेले सगळ्यांत जास्त दिसतात ती मुख्य स्टेशनसमोरच्या वस्तीत, बानहोफ्सफिअर्टेलमध्ये. नकाशावर ही जागा अव्वल. प्रत्यक्षात तिथल्या काही गल्ल्यांत, टाउनुसस्ट्रासे, एल्बेस्ट्रासे, निड्डास्ट्रासे या बाजूला, उघडपणे नशा करणारे लोक आणि वेश्यावस्ती आहे. पोलीस फिरत असतात, तुमच्या वाटेला कुणी जाईलच असे नाही, आणि तिथेच काही उत्तम भारतीय आणि तुर्की खाणावळीही आहेत. पण रात्री अकराला लॅपटॉप खांद्याला लावून एकट्याने त्या गल्लीतून यायचे म्हटले की पहिल्यांदा गेलेल्या माणसाची झोप उडते. महिला सहकारी एकटी जात असेल तर मी त्या गल्ल्या सरळ वगळतो. तीच किंमत आणि तेच स्टेशन हवे असेल तर स्टेशनच्या दक्षिण बाजूचे रस्ते तुलनेने शांत आहेत.

बाकीच्या जागा थोडक्यात. निडरराड विमानतळ आणि मुख्य स्टेशन यांच्या मधे, त्याच एस-बानवर. ऑफिसांची वस्ती, संध्याकाळी सामसूम, पण झोप मस्त लागते. गेटवे गार्डन्स विमानतळाला लागून, २०१९ च्या डिसेंबरपासून तिथे एस-बानचे स्टेशन झाले. मध्यरात्री उतरणाऱ्याला आणि पहाटे निघणाऱ्याला सोयीचे. बोकनहाइम आणि वेस्टएंड प्रदर्शनाच्या जवळ, राहायला सभ्य, भाव चढा. झाक्सनहाउझन नदीपलीकडे, सफरचंदाच्या वाइनच्या जुन्या खाणावळींसाठी प्रसिद्ध. ग्राहकाला जेवायला न्यायला ठीक, गाढ झोपणाऱ्यालाच राहायला ठीक. आणि सगळे भरले किंवा भाव डोळे पांढरे करणारे असले, तर माइंत्स. वेगळे शहर आहे, पण एस८ तिथून विमानतळावरून होत फ्रँकफर्टला येते. प्रदर्शनाच्या आठवड्यातही तिथे कधीकधी माणसासारख्या दरात खोली सापडते. माझी पहिली पसंती निडरराड आणि दुसरी माइंत्स. साहेब लोकांना ती आवडत नाही, कारण खिडकीतून काही दिसत नाही.

रविवारी पोचत असाल तर एक सांगून ठेवतो. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली आणि विमानतळावरची उघडी असतात, तेवढीच. बरीच प्रदर्शने मंगळवारी सुरू होतात, आपली माणसे तयारीसाठी रविवारी उतरतात, आणि मग साबणाच्या वडीसाठी शहर पालथे घालतात. येतानाच विमानतळावर पाणी, फळे, दही घेऊन हॉटेल गाठा.

दुबई आणि चीन, दोन-दोन शब्द

दुबईला नवखे शारजात स्वस्त खोली घेतात. अंतर थोडे दिसते, पण सकाळी शारजाहून दुबईकडे येणारी रांग बघितली की स्वस्ताई विसरता. शारजाच्या हॉटेलांत दारूही मिळत नाही, हे ग्राहकाला पार्टी द्यायला निघालेल्यांनी लक्षात घ्यावे. कामाला गेलात तर देरा किंवा बर दुबईत, मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असे हॉटेल बघा. जेवायला भारतीय पदार्थ हवे तितके. शेख झायेद रोडवरचे हॉटेल घेणार असाल तर स्टेशन रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते पाहा. तो रस्ता मधेच ओलांडता येत नाही, स्टेशनच्या पुलावरूनच जावे लागते, आणि ऊन असे असते की मडगावचा मे महिना थंड वाटावा.

चीनमध्ये पूर्वी सगळी हॉटेले परदेशी पाहुणा घेत नसत. परदेशी म्हणून नाकारू नका असे सरकारने २०२४ मध्ये हॉटेलांना बजावले, तरी लहान हॉटेल घेताना आधी मेल करून होकार घेतलेला बरा. हॉटेल तुमची पोलिसांकडे नोंद करते. ओळखीच्या माणसाच्या घरी राहिलात तर चोवीस तासांत ती नोंद तुम्ही स्वतः करायची. क्वांगचौच्या (ग्वांगझू) कँटन फेअर या प्रदर्शनाला जाणारे फाचौ भागात, म्हणजे प्रदर्शनाच्याच बेटावर किंवा मेट्रोने जवळ राहतात. आणि हॉटेलच्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सॲप चालत नाही. बुकिंगचे कागद जीमेलमध्ये ठेवून गेलात तर काउंटरवर उभे राहून घाम पुसाल. छापून न्या.

पायरी चौथी: खोलीचे पान कसे वाचावे

स्टार देशागणिक वेगळे मोजतात, त्यांत अडकू नका. मी बघतो ते पुढीलप्रमाणे.

खोलीचे क्षेत्रफळ. तोक्योच्या बिझनेस हॉटेलात बारा चौरस मीटरची खोली नेहमीची गोष्ट आहे. मोठी बॅग उघडली की दार उघडत नाही. एका माणसाला चालते, दोघांना नाही.

पलंग. 'डबल' म्हणजे एकच मोठा पलंग, 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे. दोन सहकारी एका खोलीत पाठवताना ट्विनच मागा आणि हॉटेलकडून मेलवर होकार घ्या. युरोपात डबल म्हणून दोन गाद्या एकाच चौकटीत जोडून दिलेल्या असतात, तेही लक्षात असू द्या.

लिफ्ट आणि एसी. लंडन, पॅरिसच्या जुन्या इमारतींत लिफ्ट नसलेली हॉटेले आहेत. नमुन्यांची तीस किलोची बॅग चौथ्या मजल्यावर तुम्हीच नेणार. युरोपात एसी गृहीत धरू नका. जूनमध्ये जात असाल तर खास बघा.

न्याहारी किती वाजता सुरू होते. आठला हॉटेल सोडायचे आणि न्याहारी साडेसातला, तर पैसे वाया. सहा-साडेसहाची असेल तर न्याहारीसकट खोली घ्या, कारण प्रदर्शनात दुपारचे जेवण महाग आणि रांगेचे असते. ऑक्टोबरची प्रदर्शने बऱ्याचदा नवरात्रीच्या आसपास येतात. उपवास असणाऱ्यांना आणि सोमवार पाळणाऱ्या शिवराक (शाकाहारी) माणसाला युरोपी न्याहारीच्या टेबलावर फळे, दही, सुकामेवा, पाव, चीज मिळते, त्यावर निभते. कोकणी पोटाला भात लागतोच असे म्हणणाऱ्यांनी लहान स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट हॉटेल बघावे. तिघेचौघे जात असतील तर ते स्वस्तही पडते. साध्या खोलीत मात्र घरून नेलेल्या कुकरवर भात लावू नका. वाफेने धुराचा गजर वाजतो, अग्निशमनवाले येतात, आणि त्यांचे बिल तुमच्या खोलीवर पडू शकते.

परीक्षणे वाचताना एकूण गुणांवर जाऊ नका. नवीन तारखेची आधी लावा, 'कामासाठी आलेले' अशी गाळणी असेल ती लावा, आणि आवाज, वायफाय, लिफ्ट, वास हे शब्द शोधा. सुट्टीवर आलेल्या जोडप्याला स्विमिंग पूल लहान वाटला याचे तुम्हाला काय? 'रात्रभर ट्रामचा आवाज' असे चारजणांनी लिहिले असेल तर ती ट्राम खरी आहे.

पायरी पाचवी: बुकिंग केल्यावर हॉटेलला मेल

हे मी काउंटरच्या आतल्या अनुभवावरून सांगतो. सकाळी शिफ्टला आल्यावर फ्रंट ऑफिसवाला आजच्या येणाऱ्यांची यादी काढतो आणि खोल्या वाटायला बसतो. ज्याच्या नावापुढे काही लिहिलेले नाही त्याला उरलेली खोली मिळते: लिफ्टच्या शेजारची, बर्फाच्या मशीनसमोरची, स्वयंपाकघराच्या धुराड्यावरची. कुणीतरी दुष्टपणे देत नाही, पण ती खोलीही कुणाला तरी द्यायचीच असते. ज्याने दोन ओळींचा मेल पाठवलेला असतो त्याच्या नावापुढे शेरा पडतो, आणि शेरा असलेल्यांना आधी बसवतात. म्हणून निघण्याच्या तीन-चार दिवस आधी लिहा: अमुक तारखेला अमुक वाजता पोचतो, कामासाठी येतो, वरच्या मजल्यावर लिफ्टपासून लांब शांत खोली मिळाली तर बरे. एवढेच. मागण्यांची जंत्री पाठवली तर वाचत नाहीत.

पोचायची वेळ लिहिणे तर अत्यावश्यक. हॉटेले क्षमतेपेक्षा थोडी जास्त बुकिंग घेतात, काहीजण येत नाहीत हा हिशेब धरून. हिशेब चुकला की रात्री उशिरा, काही न कळवता येणाऱ्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवतात. त्याहून वाईट, विमान चुकून तुम्ही दुसऱ्या दिवशी पोचलात आणि कळवले नसेल, तर पहिल्या रात्री 'आलाच नाही' अशी नोंद होऊन पुढच्या सगळ्या रात्री रद्द होऊ शकतात. आखातात विमान बदलून जाणाऱ्यांनी तिथल्या विमानतळावरूनच हॉटेलला फोन करावा. फक्त बुकिंग साइटला निरोप देऊन थांबू नका, तो काउंटरपर्यंत पोचतोच असे नाही.

सकाळी लवकर उतरणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. दाबोळी किंवा मोपाहून रात्री निघून आखातामार्गे गेलात की युरोपात बऱ्याचदा सकाळीच पोचता, आणि खोली मिळते दुपारी दोन-तीनला. सामान ठेवून घेतात, ते फुकट असते. त्याच दिवशी दुपारी मीटिंग असेल तर मात्र आदल्या रात्रीचे पैसे भरून खोली घ्यावी, आणि 'आदल्या रात्रीचे बुकिंग आहे, पण पोचणार सकाळी सातला' हे स्पष्ट कळवावे. नाहीतर वर सांगितलेले 'आलाच नाही' प्रकरण इथेही होते.

पायरी सहावी: नाव, व्हिसा, पैसे

बुकिंगवरचे नाव पासपोर्टप्रमाणेच हवे. गोव्यात हा खास गोंधळ आहे. त्याच घरात एकाचे देसाई एका 'एस'चे, दुसऱ्याचे दोन 'एस'चे. नाईक कुणाचे 'के'ने संपते, कुणाचे पोर्तुगीज पद्धतीने 'क्यू यू ई'ने. ऑफिसच्या आयडीवर एक आणि पासपोर्टवर दुसरे असेल तर बुकिंग पासपोर्ट समोर ठेवूनच करा. कंपनीच्या नावाने बुकिंग केले असेल तर पाहुण्याचे नाव वेगळे भरा.

शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाला, राहण्याचा पुरावा लागतो, सगळ्या रात्रींचा. मधे दोन रात्री मित्राकडे असतील तर त्याचा कागद वेगळा. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा. एकाहून जास्त देशांत जात असाल तर जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, म्हणजे हॉटेलच्या रात्री ठरवल्याशिवाय अर्ज कुठे करायचा तेच ठरत नाही.

कार्ड. हॉटेलात पोचल्यावर अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्डवर ती फक्त मर्यादेतून कमी होते. फॉरेक्स कार्डावर (आधीच परकीय चलन भरून घेतलेल्या) किंवा डेबिट कार्डावर तुमचे खरे पैसे अडकतात आणि परत यायला कित्येक दिवस जातात, तोवर तुम्ही परत वास्कोला. अनामतीला क्रेडिट कार्ड द्या, शेवटचे बिल हवे तर फॉरेक्स कार्डाने भरा. मशीन रुपयांत घेऊ की युरोत असे विचारते तेव्हा तिथले चलन निवडा. रुपयांचा दर बँकेपेक्षा महागच असतो.

वरचे कर वेगळे धरा. दुबईत टूरिझम दिऱ्हम दर खोलीला दर रात्री ७ ते २० दिऱ्हम, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के. बर्लिनमध्ये कामासाठी आलेल्यांना पूर्वी शहर कर माफ होता, एप्रिल २०२४ पासून तो त्यांनाही लागतो आणि २०२५ पासून ७.५ टक्के झाला. काही शहरांत मात्र कंपनीचे पत्र दाखवले की अजून माफी मिळते, म्हणून लेटरहेडवर दोन ओळींचे पत्र इंग्रजीत लिहून नेण्यात काही जात नाही. आपल्या अकाउंट्सला हे बिल कंपनीच्या नावाने, पूर्ण पत्त्यासह लागते. ते पोचल्यावरच सांगा. शेवटच्या सकाळी, मागे दहा माणसांची रांग असताना, कुणी बिल बदलून देत नाही.

निघण्याआधी शेवटचे

हॉटेलचे नाव, पत्ता आणि फोन कागदावर घ्या. चीन-जपानला जात असाल तर त्यांच्या लिपीत छापून घ्या, टॅक्सीवाल्याला दाखवायला. प्लग बघा: दुबई आणि लंडनला चौकोनी तीन पायांचा, जर्मनीला गोल दोन पायांचा. जपानला चपटे दोन पाय आणि वीज १०० व्होल्ट, तिथे आपली इस्त्री आणि किटली धड तापत नाही. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन संपते चार-पाचला, खोली सोडायची असते अकरा-बाराला. बॅगा हॉटेलवर ठेवायच्या की प्रदर्शनाच्या सामानघरात, हे आदल्या रात्री नकाशा बघून ठरवा. विमानतळ ज्या बाजूला त्या बाजूला बॅगा हव्यात. आणि प्रदर्शन दरवर्षी त्याच शहरात भरणारे असेल तर चेक-आउट करतानाच काउंटरवर पुढच्या वर्षीच्या तारखा सांगून खोली मागा. जुने स्टॉलवाले तसेच करतात, म्हणूनच गेटाजवळची हॉटेले नव्या माणसाला कधी रिकामी सापडत नाहीत.